नायक खोटं बोलला म्हणून वाचक रागावलेले नाहीत

प्रश्न असा आला आहे: "पानिपतानंतरच्या दोन-तीन वर्षांत घडणारी प्रेमकादंबरी लिहून पूर्ण केली आहे. नायक मानाजी बारगीर आहे, म्हणजे दुसऱ्याच्या घोड्यावर लढणारा स्वार. तो रणातून पळतो आणि घरी आल्यावर बालमित्र खंडूच्या बायकोला, सगुणेला, सांगतो की खंडूला मरताना मी डोळ्यांनी पाहिलं. खरं तर त्यानं खंडूला जखमी अवस्थेत झाडाखाली सोडलेलं असतं. पुढे सगुणा मानाजीशी पाट लावते, म्हणजे पुनर्विवाह करते. अकरा जणांना वाचायला दिलं. सात जणांना नायक पटला नाही, तिघांना तो फार आवडला, एकानं काहीच कळवलं नाही. खंडू मेला असं मानाजीला खरोखरच वाटलं होतं, असा बदल करू का?"

करू नका. तो बदल केलात तर कादंबरीत उरेल एक गैरसमज, आणि गैरसमजावर तीनशे पानं उभी राहत नाहीत.

पण सात जण नाराज आहेत ही गोष्ट लहान नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मी पुण्यात बावीस वर्षं कादंबऱ्यांचं संपादन करते आहे, त्यातल्या निम्म्याहून अधिक ऐतिहासिक. त्याआधी सहा वर्षं पेठेतल्या एका छोट्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसत होते. वाचकांची मतं कशी ऐकायची हे मला त्या टेबलानं शिकवलं. पुस्तक परत करताना बहुतेक जण "बरी आहे" एवढंच म्हणतात. पण पानांमध्ये काहीतरी राहिलेलं असतं. बसचं तिकीट, लाइटबिल, वाणसामानाची यादी. ते कुठल्या पानात राहिलं आहे हे बघितलं की माणूस कुठे थांबला होता ते कळतं.

एका जाड ऐतिहासिक कादंबरीत नायक मोहिमेवर दुसरं लग्न करून वाड्यावर परततो, त्या पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, "आणि ती?" काही महिन्यांनी त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात आलं, "हो ना." मग निळ्या शाईत, बारीक आणि नेटक्या अक्षरात, "पुढच्या शंभर पानांत नाही. शोधलं." पुस्तकात लिहिलं तर आम्ही दंड घ्यायचो. ते पान मात्र मी खोडरबरानं कधी पुसलं नाही.

तुमच्या वाचकांची दहाही मतं मी हस्तलिखित शेजारी ठेवून वाचली. प्रत्येकानं नायकाबद्दल काय म्हटलं आहे हे बाजूला ठेवून कोण कुठल्या पानाचा उल्लेख करतो तेवढं टिपून काढलं. मानाजी खोटं बोलतो पान ६१ वर. नाराज असलेल्या सातांपैकी त्या पानाबद्दल तक्रार करणारे फक्त दोघे आहेत. बाकीचे पाचही जण पान १८८ नंतरच्या कशावर तरी अडले आहेत. म्हणजे खोटं ऐकून घेऊन हे पाच जण सव्वाशे पानं मानाजीबरोबर चालले. चिडून पुस्तक मिटलं नाही. उलट एका बाईंनी लिहिलं आहे की त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, आता हा कधी सांगणार म्हणून. याला नायक न पटणं म्हणत नाहीत.

मग १८८ पासून काय होतं? १७६३ साल. निजामाचं सैन्य पुण्यावर चालून येतं, घरं लुटली जातात, जाळली जातात, लोक गडांच्या आसऱ्याला धावतात. मानाजी सगुणेला आणि खंडूच्या म्हाताऱ्या आईला जळत्या कसब्यातून काढून सिंहगडाच्या वाटेला लावतो. प्रकरण उत्तम उतरलं आहे. म्हातारीला पाठुंगळी घेतल्यावर तिच्या हातातली देवाची डबी त्याच्या बरगडीला टोचत राहते, तेवढ्या एका तपशिलासाठी मी तुमचं हस्तलिखित कुणालाही वाचायला देईन. पण पान २०३ वर तुम्ही लिहिता, "त्या रात्री मानाजीनं सारं ऋण फेडलं होतं."

हे वाक्य कोण म्हणतंय? मानाजीच्या मनात ते येत असेल तर हरकत नाही, माणूस स्वतःची अशी समजूत घालतोच. पण ते तुमच्या निवेदनात आहे. लेखकानं नायकाचं वकीलपत्र घेतलं, आणि फिर्यादी बाईला अजून फिर्याद काय आहे हेच माहीत नाही. सगुणेला न विचारता तिच्या वतीनं तुम्ही पावती फाडून दिलीत. वाचक इथे उठले आहेत. निवृत्त शिक्षकांनी "असा माणूस नायक होऊच शकत नाही" असं लिहिलं आहे, आणि तुम्ही तेच सगळ्यात मनाला लावून घेतलं आहे. त्याच्या पुढची ओळ बघा: "दोन जीव वाचवले म्हणून एकाला सोडून दिल्याचा हिशेब मिटतो का?" त्यांचा आक्षेप हिशेबावर आहे. तुम्ही हिशेब मांडला नसतात तर त्यांनी तो स्वतः मांडला असता, आणि कदाचित मानाजीच्या बाजूनं मांडला असता. वाचकाला माफ करायला आवडतं. पण ते काम त्याच्या हातून काढून घेतलेलं त्याला चालत नाही.

ते वाक्य काढा. त्याच अर्थाची आणखी चार वाक्यं आहेत, मी समासात खुणा केल्या आहेत.

आता जिथे खरी समृद्धी आहे तिथे येते. तुमच्या कादंबरीत मानाजी माघ संपायच्या आत घरी पोहोचतो. हे शक्य नाही. युद्ध झालं १४ जानेवारी १७६१ ला, पौष शुद्ध अष्टमीला. पानिपतापासून पुणं आजच्या रस्त्यानंसुद्धा पंधराशे किलोमीटरच्या आसपास आहे. उपाशी, लुटलेला, कदाचित जखमी माणूस, घोडा नाही, थंडी, वाटेत कुणाचा भरवसा नाही. खुद्द नानासाहेब पेशव्यांना बातमी कळली ती ते उत्तरेकडे निघाले असताना माळव्यात, सावकारी पत्रातून. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही, असा त्या पत्राचा मजकूर सगळ्यांना माहीत आहे. तुमचा खंडू त्या खुर्द्यातला, मोजदाद न झालेल्या साध्या शिपायांतला. त्याचं नाव कुठल्याच पत्रात येणार नाही. म्हणून तर मानाजीचा शब्द हाच सगुणेपुढचा एकमेव कागद.

तेव्हा मानाजीला घरी पोहोचायला काही महिने लागले असणार. आणि हे लक्षात आलं की त्याच्या खोट्याचा रंगच बदलतो. तुमच्या मसुद्यात तो दारात उभा राहतो, सगुणा समोर येते आणि त्याच्या तोंडून ते निसटून जातं. निसटून गेलेलं खोटं आपण सगळेच समजून घेतो, त्यात फारसं काही लागत नाही. पण हा माणूस ते वाक्य बरोबर घेऊन चालत आला आहे. त्यानं नर्मदा ओलांडली तेव्हा ते त्याच्याजवळ होतं का? की तोवर तो खरं सांगणार होता? वाटेत एखाद्या धर्मशाळेत कुणी त्याला विचारलं असेल, "तुझ्याबरोबरचे कुठे आहेत?" आणि त्यानं पहिल्यांदा म्हणून बघितलं असेल, "मेला. मी पाहिला." आणि समोरच्यानं काही न बोलता त्याच्या हातावर अर्धी भाकरी ठेवली असेल. दुसऱ्यांदा म्हणताना सोपं गेलं असेल. गावात शिरेपर्यंत ते त्याला खरंच वाटू लागलं असेल.

हे एक प्रकरण तुम्ही लिहिलेलं नाही आणि माझ्या मते कादंबरीतलं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण तेच आहे. मानाजी लबाड आहे की भित्रा की प्रेमात आंधळा, याची तुमच्या वाचकांत जी ओढाताण चालली आहे ती याच रिकाम्या जागेमुळे. पुस्तकानं उत्तर द्यायला हवं असं मी म्हणत नाही. पण आता तुमच्याकडे पाऊलच नाही, एकदम दारात उभा असलेला माणूस आहे. ती वाट लिहा.

दुसरी गोष्ट खोट्याच्या किमतीची. "त्यानं माझ्याशी खोटं बोलून मला मिळवलं" एवढीच सगुणेची हानी तुम्ही दाखवता. ही आजची भाषा झाली. १७६१ मध्ये त्या एका वाक्यानं काय काय बदललं ते पानावर आणा. त्याच संध्याकाळी तिच्या हातातल्या बांगड्या गेल्या. त्या कुणी फोडल्या? कुठल्या दगडावर? खंडूच्या भावांच्या नजरेत ती एका रात्रीत भावजय होती ती पोसायचं तोंड झाली. कुणब्यांत आणि इतर बऱ्याच जातींत पाटाची रीत होती, त्यामुळे तिच्यापुढे वाट बंद नव्हती. सरकार त्यावर पाटदाम नावाचा कर घ्यायचं. पण पाट लावून गेलेल्या बाईचा पहिल्या घरच्या शेतावरचा शब्द सहसा संपायचा. म्हणजे खंडू मेला हे दिरांच्याही सोयीचं होतं. त्या घरात कुणीच मानाजीला उलटसुलट प्रश्न का विचारले नाहीत, याचं उत्तर तुम्हाला आयतं मिळतं. आणि पाटदामाचे पैसे कुणी मोजले? मानाजीनं मोजले असतील तर ते दृश्य तुम्ही सोडून कसं दिलंत?

याच शहरात, याच वर्षांत, एक दुसरी बाई होती. सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई. त्या पानिपतावरून परत आल्या, पण भाऊ गेले हे त्यांनी मानलं नाही. १७८३ मध्ये त्या वारल्या, तोवर त्यांनी कुंकू पुसलं नाही. सगुणेच्या कानावर हे येणारच, पुणं तेव्हा केवढंसं होतं. ओढ्यावर धुणं धुताना कुणी सांगेल, वाड्यातल्या बाईंनी कुंकू ठेवलंय म्हणे. तिच्या मनात काय येईल? वाड्यातल्या बाईला न मानणं परवडतं, हे एक. आणि दुसरं, तिनं मानलं नाही, मग मी इतक्या लवकर का मानलं? सगुणेला तुम्ही तीनशे पानं निष्पाप ठेवली आहे. तिलाही मानाजी आवडत होता, हे तुम्ही पहिल्याच प्रकरणात जत्रेच्या प्रसंगात सुचवून ठेवलं आहे आणि मग विसरून गेला आहात. तिनं विश्वास ठेवला त्यात थोडी तिची इच्छाही होती, एवढं येऊ द्या. मग ही खरी प्रेमकथा होईल. आत्ता ती एकट्या मानाजीच्या अपराधाची कथा आहे.

"त्या काळी असंच होतं" हे तुमचं उत्तर तिघा वाचकांना तुम्ही दिलेलं दिसतं. ते जपून वापरा. काळाचा दोष आणि माणसाचा दोष हे दोन वेगळे जिन्नस आहेत. मित्राला सोडून येऊन त्याच्या बायकोला खोटं सांगणं हे १७६१ मध्येही वाईटच होतं, मानाजीला ते ठाऊक आहे, म्हणूनच तो झोपेत दचकतो. तिथे काळाची ढाल चालत नाही. काळाचा दोष कुठे आहे सांगू? तिसऱ्या प्रकरणात सरदाराच्या वाड्यात एक कुणबीण पाणी भरते. विकत घेतलेली बाई. त्या काळात कुणबिणींची खरेदी-विक्री होत असे, कागदोपत्री. मानाजी तिच्या हातून तांब्या घेतो, पाणी पितो, आणि तिच्याकडे बघतही नाही. तुम्हीही बघत नाही. कॉलेजात शिकणाऱ्या तुमच्या सर्वांत तरुण वाचक मुलीनं फक्त एक ओळ लिहिली आहे: "पाणी देणारीचं नाव काय?" हे मत तुम्ही "विषयाला सोडून" म्हणून बाजूला टाकलं आहेत. ते परत उचला. मानाजीनं तिच्याकडे बघू नये, ते त्याच्या काळाचं खरं आहे. पण निवेदकाला तिचं नाव माहीत असायला हवं. एवढ्या एका शब्दानं वाचकाला कळतं की नायकाला दिसत नाही ते लेखकाला दिसतंय, आणि मग तो सदोष नायकाबरोबर कुठेही यायला तयार होतो.

आता पान २४१. कबुलीचं पान. मानाजी तापानं फणफणलेला, बोलून जातो. पुढे तुमच्या ओळी: "तिनं पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम टिपला. झालं ते गंगेला मिळालं, ती म्हणाली." दोन वाक्यं. दोन वर्षांचं खोटं, एक जिवंत सोडलेला नवरा, फुटलेल्या बांगड्या, गेलेलं शेत, आणि बाई एका श्वासात गंगेला मिळवून मोकळी. १८८ नंतर अडलेल्या त्या पाचपैकी चार जणांनी याच पानावर पुस्तक मिटलं आहे. त्यातल्या एका बाईंनी तर शिवी वाटावी इतक्या जोरात पेन दाबलंय, कागदाच्या मागच्या बाजूला हाताला लागतं.

आजारी माणसाकडून कबुली काढू नका. तो ग्लानीत बोलला तर ती त्याची कबुली उरत नाही, आणि आजारी माणसावर रागावता येत नाही म्हणून तिचा रागही तुम्ही बांधून टाकता. त्याला धडधाकट असताना बोलू द्या. पहाटेची वेळ घ्या. ती दळतेय. जात्यावरची ओवी चालू आहे, तो दाराशी येऊन बोलतो. ओवी थांबते, जातं थांबत नाही. ती दळत राहते, पायलीभर दळण संपेपर्यंत, आणि त्याला तिथं उभं राहावं लागतं. पुढे ती काय म्हणेल ते मी सांगणार नाही, ते तुमचं काम. पण तिनं चार दिवस, चार महिने, तिला हवं तेवढे दिवस माफ करू नये एवढी मुभा तिला द्या. त्या घरातच राहून, त्याला भाकरी वाढून, न बोलता. खंडूच्या आईला सांगायचं की नाही हा प्रश्न मग त्या दोघांत मिळून उभा राहील, आणि तिथे ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलेल, कारण दुसऱ्या कुणाशी बोलताच येणार नाही. प्रेम तिथे आहे.

हे मी एवढ्या आग्रहानं सांगते त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एक हस्तलिखित माझ्याकडे होतं. नायक सावकाराकडे बायकोचे दागिने ठेवून मोहिमेची तयारी करतो आणि तिला चोरी झाली असं सांगतो. वाचायला दिलेल्या लोकांनी नाकं मुरडली. मी लेखकाला म्हटलं, तिला सांगून दागिने घेतले असं करा. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून तसं केलं. पुस्तक निघालं. कुणी भांडलं नाही, कुणी नाव ठेवलं नाही, आणि वर्षभरानं कुणाला आठवतही नव्हतं. ते लेखक आता हयात नाहीत. त्यांचा मूळ मसुदा माझ्या कपाटात आहे आणि त्यातलं चोरीचं प्रकरण आजही वाचताना अंगावर येतं. ती माझी चूक होती आणि ती दुरुस्त करायला मार्ग नाही.

ज्या तिघांना मानाजी फार आवडला त्यांच्या मतांचं काय, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं. तिघांनीही सुटकेचं प्रकरण आवडलं म्हणून लिहिलं आहे, आणि तिघांनीही सगुणेचं नाव एकदाही घेतलेलं नाही. एकानं "त्याची बायको" असं म्हटलं आहे. तुमच्या बाजूनं असलेल्या मतांतही तीच उणीव दिसतेय. नाराज वाचक तिला शोधताहेत, खूश वाचकांना ती दिसलेलीच नाही.

किरकोळ दुरुस्त्या भराभर सांगते. बारगिराचा घोडा सरकारी किंवा सरदाराचा असतो, स्वतःचा घोडा असेल तर तो शिलेदार. मानाजी पान ३४ वर "माझा घोडा" विकायला काढतो, ते एकतर बदला किंवा त्याच्या अपराधांत आणखी एकाची भर घाला. संक्रांतीच्या दिवशी युद्ध झालं असं लिहिलं आहे, ते लोकांच्या बोलण्यात आहे, पण त्या वर्षी संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. साबुदाण्याची खिचडी त्या काळातली नाही, काढून टाका. भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे छापील खंड चाळा, सरदेसायांनी संपादित केलेले, पंचेचाळीस आहेत. सगळे वाचायची गरज नाही. पानिपताचा खंड आणि सामाजिक कागदांचे एक-दोन एवढे पुरे. लोक अर्जात कसं बोलायचे, कुठे अडखळायचे, तो सूर कानात बसला की तुमचे संवाद आपोआप आखूड होतील.

राहिला शेवट. चार जणांनी सुचवलं आहे की शेवटी खंडू जिवंत परत यावा. आणू नका. तो आला की निकाल लागतो आणि मानाजी सुटतो, शिक्षा होऊन का होईना. पण त्या चौघांना जे हवंय ते इतिहासानं तुमच्यासाठी ठेवलेलं आहे. भाऊसाहेब म्हणवणारा तोतया. १७७६ मध्ये त्यानं कोकणात बळ धरलं, माणसं त्याला मिळाली, शेवटी पकडला गेला आणि त्याच वर्षी पुण्यात मारला गेला. तुमची कादंबरी १७६४ ला संपते. एक प्रकरण वाढवा आणि बारा वर्षं पुढे जा. शहरात कुजबुज आहे, भाऊ आले म्हणे, पानिपतावरून मेलेली माणसं परत येताहेत म्हणे. सगुणा आता चाळिशीला आली आहे, मुलं हाताशी आली आहेत. रात्री कुणीतरी कडी वाजवतं. शेजारचा पोर विस्तव मागायला आलेला असतो, एवढंच. पण कडी वाजली त्या क्षणी दोघांनी एकमेकांकडे बघितलेलं असतं.

हे प्रकरण लिहून झालं की सगळ्यांत आधी त्या पेन दाबून लिहिणाऱ्या बाईंना वाचायला द्या. आणि कुठल्या पानावर थांबलात, एवढंच त्यांना विचारा.